मॉरिशसच्या मावशींचा वजनकाटा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या नि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मी म्हटलं, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. शंभर माणसांचं कुळथाचं पिठलं करायला सांगा, हसत करीन. भाषण कुठलं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मॉरिशसला राहून आलात ना, तेच सांगा."

तेव्हा काहीजणींना वाटलं असेल की ही आता निळ्या समुद्राचं नि उसाच्या मळ्यांचं वर्णन करणार. तेही थोडं करीन. पण मला सांगायचं आहे ते निराळंच. त्या बेटावर मी साडेतीन महिने एका वयस्कर बाईंच्या सोबतीला होते. त्यांचं हृदय कमजोर होतं. त्यांच्याजवळ बसून मी जे शिकले, ते सात वर्षं आधी मला ठाऊक असायला हवं होतं. म्हणून आधी त्या सात वर्षांपूर्वीचं सांगते.

आमच्या सासूबाईंना तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं आहे. मंडळाचं भजन असलं की टाळ घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या. २०१६ साली त्या गेल्या. त्याआधी वर्षभर त्यांचे पाय सुजत. संध्याकाळी चपलेचे पट्टे रुतत. बोटानं दाबलं की खळगा पडे नि तो लवकर भरून येत नसे. रात्री आडवं झालं की दम लागे, म्हणून एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, आणि शेवटी भिंतीला टेकून बसल्याबसल्याच त्या डोळा लावत. आम्ही काय म्हणत होतो? "वय झालं. वात आहे. चालायचंच." मी रोज रात्री त्यांच्या पायांना एरंडेल चोळी आणि मला वाटे, मी त्यांची सेवा करते आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यात एक लघवीची गोळी होती. ती घेतली की त्यांना दहा वेळा उठावं लागे, त्याचा त्यांना फार त्रास होई. तोंडाला चव नव्हती. मऊ भात पुढे ठेवला की नको म्हणत. मग मी सोबत भाजलेला पापड द्यायची, कैरीच्या लोणच्याची फोड द्यायची, कधी सुकटीची चटणी. चार घास अधिक जावेत, एवढाच माझा हेतू.

त्यातच पुतण्याचं लग्न निघालं. पाच तासांचा गाडीचा प्रवास, कार्यालयातली गर्दी. मीच म्हटलं, "आई, दोन दिवस ती गोळी राहू द्या. तिथं कुठं धावाधाव करायची?" त्यांनाही बरं वाटलं. दोनाचे चार दिवस झाले. पंगतीचं जेवण झालं, मठ्ठा झाला, पापड-कुरडया झाल्या. घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री त्यांना असा दम लागला की शब्द फुटेना. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

त्यांचं वय झालं होतं, हृदय थकलं होतं, हे खरं. एका गोळीवाचूनच सारं झालं असं कुणी मला म्हटलं नाही. पण ती गोळी कशासाठी आहे हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नव्हतं, आणि मी ती बंद ठेवली हेही कधी सांगितलं नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षं घरातसुद्धा बोलले नव्हते. आज इथं बोलायची, म्हणून परवा यजमानांना सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंडळात सांग."

आता मॉरिशसकडे वळते.

माझी धाकटी बहीण त्या बेटावर दिली आहे. तिचे यजमान पुण्याला शिकायला होते, तिथं ओळख झाली. ते तिथलेच, पण मूळचे आपल्याच बाजूचे मराठी. १८३४ सालापासून हिंदुस्थानातून कितीतरी लोक उसाच्या मळ्यात करारानं मजुरी करायला त्या बेटावर गेले. मुंबई बंदरातून जी जहाजं गेली त्यांत आपल्या रत्नागिरीकडचेही पुष्कळ होते. पोर्ट लुई शहरात समुद्राकाठी आप्रवासी घाट म्हणून जागा आहे. जहाजातून उतरलेली माणसं तिथल्या दगडी पायऱ्या चढून आत जात. त्या पायऱ्या मी पाहिल्या नि घसा दाटून आला. आपल्यापैकी कुणाच्या पणज्या-खापरपणज्यांचे भाऊ त्या चढून गेले असतील, काय सांगावं? आज तिथले मराठी लोक घरात क्रिओल भाषा बोलतात, पण गणपती बसवतात, आरत्या म्हणतात, आणि गणेशचतुर्थीची तिथं सरकारी सुट्टी असते.

२०२३ साली बहिणीचं दुसरं बाळंतपण होतं. घरी सासूबाई आजारी, म्हणून मी जुलैत गेले. तिच्या सासूबाईंना मी मावशी म्हणे. वय ७६. तरुणपणी उसाच्या मळ्यात राबलेल्या. रक्तदाब वीस वर्षांचा, मधुमेह त्याच्याही आधीचा. त्यांना मराठी येई ती आरत्यांपुरती. मला क्रिओल मुळीच येत नव्हती. मग आमचं बोलणं हातवाऱ्यांनी नि हिंदी सिनेमाच्या हिंदीत चाले.

पहिल्याच सकाळी पाहिलं तर मावशी उठल्या, मोरीत जाऊन आल्या, आणि चहाच्याही आधी एका लहानशा काट्यावर उभ्या राहिल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर पेन्सिलीनं आकडा लिहिला. मला हसू आलं. मनात म्हटलं, या वयात बाईंना शरीर सडपातळ ठेवायची हौस! बहिणीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ताई, हसू नकोस. तो काटा आहे म्हणून त्या घरात आहेत, नाहीतर महिन्याआड इस्पितळात असत्या."

आठवड्यानं आम्ही मावशींना घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. तिथं औषधपाणी फुकट मिळतं. तिथल्या नर्सबाई चांगली हिंदी बोलत. त्यांना मी सारं विचारून घेतलं. माझ्या साध्या भाषेत सांगते.

हृदय कमजोर झालं म्हणजे ते बंद पडलं असं नव्हे, आणि तो छातीत कळ येऊन पडणारा झटकाही नव्हे. हृदय म्हणजे पाणी चढवणारा पंप. पंप थकला की पाणी पुढे जात नाही, मागे तुंबतं. पायांत तुंबलं की सूज येते. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो. माणूस आडवा झाला की पायांतलं पाणी वर सरकतं, म्हणून दम रात्री वाढतो आणि उशा वाढवाव्या लागतात. पोटाकडे तुंबलं की भूक मरते. हे ऐकलं नि माझे हातपाय गार पडले. सासूबाईंच्या तीन उशा, पहाटेचा खोकला, पुढून सारलेला भात, सगळं त्या बाई बेटावर बसून सांगत होत्या, जणू आमच्या माजघरात येऊन गेल्या होत्या!

हृदय थकतं कशानं? वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब, मधुमेह, पूर्वी येऊन गेलेला झटका, झडपांचा आजार. मधुमेह असला तर झटका कळ न येताही येऊन जातो. आणि एक गोष्ट बायकांनी ध्यानात ठेवण्यासारखी. म्हातारपणी पुष्कळ बायकांचं हृदय आवळताना ठीक आवळतं, पण सैल पडत नाही. जुना रबर कसा ताठर होतो, तसं होतं. मग त्यात रक्त पुरेसं भरतच नाही. मावशींचा आजार याच जातीचा होता.

आणि मीठ? मीठ पाण्याला धरून ठेवतं. पापड खाल्ला की तहान लागते, पाणी प्यालं जातं, नि ते अंगातच राहतं. लघवीची गोळी तेच पाणी बाहेर काढते. म्हणजे एका हातानं मी सासूबाईंना पाणी काढायची गोळी देत होते, आणि दुसऱ्या हातानं पाणी भरायचा पापड देत होते. पुढे तर पहिला हातही आखडून घेतला.

मी नर्सबाईंना विचारलं, "प्रवास असेल त्या दिवशी त्या गोळीचं काय करायचं?" त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारायचं. बहुधा ते सांगतात की मुक्कामाला पोचल्यावर घ्या. वेळ मागेपुढे करता येते, पण आपल्या मनानं बंद करायची नाही." एवढंच! एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नव्हता.

आता माझी दुसरी चूक ऐका. चुका सांगायलाच उभी राहिले आहे, तर एकच कशाला?

मी इथून जाताना मावशींसाठी काय भेट नेली होती? उडदाचे पापड आणि कैरीचं लोणचं. कोकणातली वस्तू, त्यांच्या पूर्वजांच्या गावची, म्हणून मोठ्या कौतुकानं नेली. नर्सबाईंचं ऐकल्यावर मी तो डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. पण गणपती आले. दीड दिवस घर भरलेलं. मोदक झाले, सात भाज्या झाल्या, आणि मावशींनी डबा शोधून काढला. माझा हात धरून म्हणाल्या, "गाव का पापड." त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला नाही म्हणवेना. एक दिला. मग त्या आपल्या हातानं घेऊ लागल्या.

मावशींचं वजन ६१ किलो ४०० ग्रॅम होतं. तिसऱ्या सकाळी काटा ६३ किलो ८०० ग्रॅमवर गेला. मावशींना दम नव्हता, सूज फारशी दिसत नव्हती, त्या हसतखेळत होत्या. पण कॅलेंडरच्या मागे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढलं तर फोन करा. बहिणीच्या यजमानांनी लगेच फोन केला. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून तपासलं, गोळी काही दिवस वाढवून दिली, मीठ बंद करायला बजावलं. पाच दिवसांत वजन जाग्यावर आलं. इस्पितळात राहावं लागलं नाही.

आमच्या सासूबाईंच्या अंगातही ते पाणी लग्नाच्या मांडवात असंच चढत असेल. पण आमच्याकडे काटा नव्हता. आम्हाला ते कळलं तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता.

क्रिओल भाषेत मिठाला 'दिसेल' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मग मावशींना सांगितलं, "आमच्या मराठीत 'दिसेल' म्हणजे नजरेस पडेल." तेव्हापासून त्या आमटी चाखताना माझ्याकडे पाहून काट्याकडे बोट दाखवायच्या नि म्हणायच्या, "दिसेल, दिसेल!" मीठ खाल्लं की सकाळी काट्यावर दिसेल. याहून सोपा धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता.

मैत्रिणींनो, ही झाली एका घरातली गोष्ट. पण त्या सबंध बेटाचीच ही गोष्ट आहे. बेट आपल्या जिल्ह्याहून लहान, वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. दर पाच-सहा माणसांत एक साठीच्या पुढचा. तिथं माणसं सर्वांत अधिक दगावतात ती हृदयविकार नि मधुमेह यांनी. पूर्वी उन्हातान्हात ऊस तोडणारे लोक पुढे कारखान्यात, दुकानात, कचेरीत बसू लागले. ताटात पांढरा पाव आला, बाटलीतली गोड पेयं आली. खारवलेला मासा, लोणचं, पावात घातलेले मिरचीचे डाळवडे यांची आवड तर आहेच.

१९८७ साली तिथल्या सरकारनं बाहेरच्या तज्ज्ञांना घेऊन लोकांची मोठी पाहणी केली. रक्त तपासलं, वजन घेतलं, रक्तदाब मोजला. मी म्हणते, मावशी जशा रोज काट्यावर उभ्या राहतात, तसं सबंध बेटच काट्यावर उभं राहिलं! त्यात दिसलं की मधुमेह फार पसरला आहे, आणि तो एकट्या हिंदी वंशाच्या लोकांत नाही, क्रिओल आणि चिनी लोकांतही जवळजवळ तसाच आहे. म्हणजे "आमच्या रक्तातच आहे, काय करणार" असं म्हणून कुणाला सुटता येईना.

मग सरकारनं काय केलं? रेशनच्या स्वस्त तेलात मुख्यत्वे पामतेल असे, ते बदलून सोयाबीनचं तेल आणलं. शाळेत, कामाच्या जागी, आकाशवाणीवर प्रचार केला. १९९२ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल सरासरीनं सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं होतं. विड्या-सिगारेटी ओढणारे कमी झाले होते, चढा रक्तदाब असणारेही थोडे कमी झाले होते. पाच वर्षांत एवढं झालं. आणि गंमत अशी की तेल बदललं त्यानं कुणाला उपास घडला नाही, रोजची भाजी फोडणीला पडतच होती.

पण खरं तेवढंच सांगते. वजनं उतरली नाहीत, उलट वाढली, आणि मधुमेह हटला नाही. २०१३ साली तिथं गोड पेयांतल्या साखरेवर कर बसवला. तरी २०२१ च्या पाहणीत मोठ्या माणसांत दर पाचांत एकाला मधुमेह आणि चारांत एकाहून अधिकांना रक्तदाब आढळलाच. सरकार तेल बदलू शकतं, पण ताटात पापड वाढणारा हात आपला असतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपण बेटावर राहत नाही, पण आपलं स्वयंपाकघर काय निराळं आहे? सुके बोंबील, सुकट, खारातल्या मिरच्या, लोणचं, पापड, मिरगुंडं. पावसाळ्याची बेगमी म्हणजे सारा मिठाचा कारभार! तरण्या कष्टकरी माणसाला ते एकवेळ पचत असेल, पण थकल्या हृदयाला पेलत नाही. म्हणून मी शिकले ते थोडक्यात सांगते.

घरात कुणाचे पाय सुजत असतील, उशा वाढत असतील, पहाटे दम लागून उठून बसावं लागत असेल, नेहमीचा जिना चढताना मध्येच थांबावं लागत असेल, तर "वय झालं" म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. दम एकाएकी वाढला, छातीत दुखलं किंवा घेरी आली तर सकाळची वाट पाहू नका.

आजार ठरला की रोज सकाळी वजन करा. मोरीतून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. आकडा लिहून ठेवा. किती वाढलं की कळवायचं, नि दिवसाला पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. एकीचं प्रमाण दुसरीला लावू नका.

मोठ्या माणसाला दिवसाचं मीठ सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. त्यात पापड, पाव, फरसाण, लोणचं सगळं आलं. सैंधव उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालतं असं नाही, तेही मीठच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते काही औषधांबरोबर अपाय करतं, म्हणून विचारल्याशिवाय आणू नका. पोट फुगलं की पाण्यात टाकून घेतात त्या फसफसणाऱ्या पुडीतही सोडियम असतं. चवीला लिंबू, आलं, जिरं, मिरपूड, कोथिंबीर घाला. कोकमाच्या आगळात मात्र मीठ असतं, हे विसरू नका.

गुडघे दुखले की आपण दुकानातून गोळी आणतो. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी धरतात नि कमजोर हृदयाला घातक ठरतात. त्या विचारल्यावाचून देऊ नका. आणि लिहून दिलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवते. आपल्या शिलकीतून एक चांगला वजनकाटा आणि रक्तदाब मोजायचं एक यंत्र घ्यावं, ते मंडळाच्या खोलीत ठेवावं, आणि दर मंगळवारी भजनाच्या आधी आळीतल्या वडीलधाऱ्यांना मोजून द्यावं. ज्या घरात असा आजार आहे त्यांना रोजचा काटा लागेलच, तो त्यांनी घरी घ्यावा. दुसरी सूचना, येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा लुटण्याऐवजी चहाचा एक चमचा लुटूया. तो मिठाच्या बरणीजवळ टांगून ठेवावा, म्हणजे हात आपोआप आखडेल.

मावशी अजून आहेत. परवाच बहिणीचा फोन आला. नातू आता त्यांच्याआधी काट्यावर चढून उभा राहतो नि त्यांना वजन करू देत नाही म्हणे! सासूबाईंना मी परत आणू शकत नाही. पण त्यांच्या जागी बसणाऱ्या कितीतरी जणी आज या पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्या सुनांनी, लेकींनी माझ्याकडून एवढं न्यावं.